कासवाने ओढलेली आगाऊ रेघ

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत काही घडलं की लोक आधी मला बोलावतात, मग पोलिसांना. खरं तर बोलावत नाहीत, मीच जाते. मी सिंधुबाई. शिक्षण दुसरी पास, पण चांदवडला माहेरी कांदे साठवायच्या चाळीतला कोणता कांदा सडणार ते नुसत्या वासावरून सांगायचे. माणसं त्याहून सोपी.

आज नात वेदिका रडकुंडीला आली. कॉम्प्युटरवर एक कासव असतं, त्याला इंग्रजीत हुकूम दिले की ते चित्र काढतं. हिला कोपऱ्यात फूल हवं होतं. फूल आलं, पण पडद्याच्या मधोमधपासून फुलापर्यंत एक आगाऊ रेघही आली.

"उद्या प्रदर्शन आहे, आजी. ही रेघ राहिली तर बाई माझं चित्र मांडणारच नाहीत."

मी चष्मा लावला. "कासव कुठाय?"

"तो त्रिकोण."

"त्रिकोण असून कासव म्हणवतो? नाव बदलून फिरणारा सरळ नसतो."

पहिला संशय कोळ्याच्या जाळ्यावर. पदर ओला करून पडदा पुसला. रेघ तशीच, पडदा मात्र धुरकट झाला. दुसरा संशय सुनेवर.

"ललिता, झाडताना फडक्याने ओढलीस का गं?"

"आई, रेघ आतून आहे."

गुन्हेगार असंच म्हणतात. तेवढ्यात वेदिकाने 'होम' हा हुकूम दाखवला. तो दिला की कासव मधोमध आपल्या घरी जातं.

"सापडलं," मी म्हटलं. "घरातून निघताना पाय पुसले नाहीत. चिखल आहे तो."

"कोरडा दिसतोय," पेपराआडून हे म्हणाले. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून हे माझे मदतनीस. कामाला शून्य, जिभेला धार.

ललिता दारातली रांगोळी अर्धी टाकून आत आली. "वेदू, फुलापर्यंत जाताना हात उचललास का? एका ठिपक्यावरून लांबच्या ठिपक्यावर जाताना चिमूट मिटून हात उचलावा लागतो. नाहीतर वाटभर सांडते."

वेदिकाने लिहिलेले हुकूम वरपासून तपासले. मग हळूच म्हणाली, "पेनअप. म्हणजे पेन उचल. काल लिहिला होता मी तो हुकूम."

"मग गेला कुठं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पेपर खाली घेतला.

आठवलं. काल मीच शेजारी बसून म्हटलं होतं, "पेन दिसतंय का कुठं? मग उचल म्हणून कुणाला सांगतेस? खोड ते."

वेदिकाने शाळेच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. पूर्वी हे कासव म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या कागदावर चालणारं यंत्र होतं, पोटात खरं पेन असलेलं. पडद्यावर आलं तेव्हा पेन गेलं, हुकूम राहिला. मला नवल नाही. ह्यांचा कारखाना सुटून सहा वर्षं झाली, तरी सकाळी उठून विचारतात, "बस गेली का?"

वेदिकाने पेनअप परत लिहिलं, फुलाच्या जागी पोचल्यावर पेनडाउन. कोपऱ्यात एकटं, स्वच्छ फूल उमललं. पोरीच्या तोंडावरही.

"तुला बरं सुचलं," मी ललिताला म्हटलं. एवढं कौतुक पुरे होतं.

"तुम्हीच शिकवलंत, आई. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, हातावर फटका मारून."

म्हणजे ही केस मी सोळा वर्षांपूर्वीच सोडवली होती. गुन्हा तेवढा काल केला.