व्याख्येत बसणारी यंत्रं

कायद्याचा मसुदा लिहिण्यात आमच्या खात्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेला लगाम घालायची वेळ आली तेव्हा सचिवबाईंनी मलाच बोलावलं.

"आधी व्याख्या द्या. छोटी, सुटसुटीत."

चहा निवायच्या आत मी लिहून दिलं: 'माणसाला न विचारता स्वतः निर्णय घेणारं कोणतंही यंत्र.' परवाना नसेल तर सील! बाई खूश. मंत्र्यांची बैठक व्हायच्या आधी आपल्याच इमारतीत चाचणी घ्या म्हणाल्या आणि एक निरीक्षक दिला. त्याला खात्यात 'शब्दशः' म्हणतात. एकदा त्याला 'दारात उभा राहा' सांगितलं, तर तो दार अडवूनच उभा राहिला होता.

बैठकीच्या दिवशी सकाळी बघतो तर काचेचं सरकतं दार सरकेना. त्यावर लाल पट्टी. शेजारी शब्दशः.

"हे काय?"

"माणूस दिसला की आपलं आपण उघडतं, साहेब. विचारत नाही."

मागच्या दाराने शिरलो. लिफ्टला सील. "आधी कुठल्या मजल्यावर जायचं ते तीच ठरवते." हात धरला की पाणी सोडणारा नळ, गार झालं की थांबणारा एसी, सगळ्यांना पट्ट्या. इमारत अपघातातून उठून आल्यासारखी दिसत होती.

"अरे, मला हे अभिप्रेत नव्हतं."

"अभिप्रेत असलेलं मसुद्यात नाही, साहेब. लिहिलेलं मात्र अगदी स्पष्ट आहे."

माझ्या मसुद्याची स्तुती मला नकोशी वाटायची ही पहिलीच वेळ.

मंत्री सात मजले जिन्याने चढून आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, घाम पुसला आणि मग त्यांना वाचा फुटली.

"ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याला तरी सील लावलंत ना?"

समोर एका कंपनीचे प्रतिनिधी बसले होते. नोकरीच्या अर्जांतून कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, ते ठरवणारा प्रोग्रॅम त्यांचा.

"नाही, साहेब," शब्दशः म्हणाला. "तो व्याख्येत बसत नाही. तो माणसाला विचारतो."

"काय विचारतो?"

"'पुढे जाऊ का?' खाली 'हो'चं बटण असतं."

"आणि माणूस?"

"हो दाबतो," प्रतिनिधी म्हणाले.

"वाचून?"

प्रतिनिधी खिडकीबाहेर बघू लागले. सचिवबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी टेबलाकडे.

नवी व्याख्या लिहायचं काम आता शब्दशःकडे आहे. मी त्याचा मदतनीस. काल त्याने पेन उघडून मला नम्रपणे विचारलं, "साहेब, 'माणसाला विचारणं' म्हणजे नेमकं काय हो?"

मी म्हटलं, जरा चहा पिऊन येतो. अजून परत गेलेलो नाही.