हिरव्या पातळाचा निरोप

निरोप पोचवण्याचं शास्त्र आम्ही नवरा-बायकोनं चाळीस वर्षांपूर्वीच शोधून काढलं होतं, हो! मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत गणिताचा मास्तर. माझा वर्ग कायम भरलेला! संध्याकाळी मळवली स्टेशनच्या पुलावर आलो की आमच्या घरामागची दोरी दिसायची. तिच्यावर हिरवं पातळ असलं की समजायचं, साखर संपली! न बोलता ठरलेली खूण. कधी चुकली नाही.

आता निवृत्तीनंतर मोबाईलवर त्याच शास्त्राचा फुकट कोर्स करतोय. त्यापायी गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं, तेव्हा इंदिरा कडाडली, "बंद करा ते!"

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय! उपयोग करून दाखवला तर?"

"दाखवा. चुकलात तर कोर्स बंद!"

शेजारच्या तेजल आणि पवनला मी दोरीची नवी लिपी शिकवली. लाल कपडा म्हणजे दुधाची पिशवी, निळा म्हणजे डझनभर केळी, पांढरा म्हणजे काही नको. रविवारी पुलावर जाऊन पाहतो तर काय, दोरी लग्नाच्या मांडवासारखी लाल-निळी फुललेली! कोर्समधले प्राध्यापक सांगतात, जितकं आश्चर्य मोठं तितकी माहिती जास्त. इथे तर माहितीचा महापूर! दुकानातलं होतं नव्हतं ते दूध उचललं, केळ्यांचे घड रिक्षात कोंबले आणि वरात घरी आणली.

अंगणात भाजे गावच्या धबधब्यात भिजून आलेलं पुण्याच्या पर्यटकांचं टोळकं टॉवेल गुंडाळून बसलेलं!

"आबा, आमी पांढरा पंचाच लावलता," पवन रडवेला झाला. "ह्यांनी वरनं शर्टं वाळत घातली!"

"रडू नकोस, बाळा. ह्यालाच शास्त्रात गोंगाट म्हणतात."

"व्हय, पर केळी कोन खानार?" तेजलनं विचारलं.

इंदिरेनं हात पुढे केला. "मोबाईल!"

"अगं, पण आपली हिरव्या पातळाची खूण कधी चुकली होती का?"

"कसली खूण? पातळ धुतलं की मी वाळत घालायचे! साखर तुम्हीच आणत सुटायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पोरांना वाटायला तुमच्या डब्यात दिलेले लाडू कशाचे केले असते? वर्गात पोरं काय गणितासाठी धावत यायची?"

मला माझा वर्ग आठवला. ती खच्चून भरलेली बाकं, दारात पाऊल टाकताच "गुरुजी आले!" म्हणून उठणारा गलका... आणि सगळ्यांचे डोळे फळ्याकडे नाही, माझ्या पिशवीकडे!

"परीक्षा?" मी चाचरत विचारलं.

"द्या हो. पण एवढ्या केळ्यांचं आता शिकरणच करायला हवं. आधी साखर आणा. या वेळी खरंच संपलीय!"