कापसाचे ढग, काळ्या मातीची पोर

सेलूत भर मे महिन्यात पाहुण्यांना पंखा न लावणारं एकच घर असेल, आणि ते माझ्या सख्ख्या मामांचं आहे. घाम पुसत आपण बटणाकडं हात नेला की ओरड येते, "पंख्याला हात लावायचा न्हाई! ढग उडतेत!"

ढग खरोखरच असतात. जिनिंग मिलवरून आणलेल्या कापसाचे, जेवणाच्या टेबलावर मांडलेले. जेवायला आम्ही खाली बसतो.

एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून दत्तामामा ॲनिमेशनचा सिनेमा करतायत. मुलांची एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. नऊ वर्षांची मुलगी टिटवीच्या पाठीवर बसून ढगांच्या गावाला जाते, तिथल्या राक्षसाला चुकवते आणि दिवेलागणीला घरी परतते. तिचा हा सिनेमा. बाहुली केसभर हलवायची, मोबाइलनं फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. असे ढीगभर फोटो भराभर पळवले की बाहुली चालायला लागते.

मामांच्या हातून मात्र बाहुली हलत नाही, प्रवासी हलतात. "पुढं सरका बाई, पुढं सरका, समोर लय जागा हाय," असं म्हणत बोटानं सरकवतात. फोटो निघाला की तोंडानंच, "टिंग-टिंग!"

राक्षसाचा आवाज माझा आहे. चाचणीबिचणी काही नाही. "तुला बघूनच ठरिवलं," म्हणाले. मी जीव तोडून गर्जना केली, तर मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "घसा बसलाय का रे? काढा देऊ?"

अडचण एकच होती. मामांनी ती मुलगी केली आमच्याकडच्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात ही माती रानात कशी भेगाळते, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा मामांनी तोवर झालेला सिनेमा मोबाइलवर दाखवला. घरातून निघताना पोरगी गुळगुळीत. नदी ओलांडेपर्यंत डोळ्यांभोवती सुरकुत्या. ढगांच्या गावात उतरली ती थेट माझ्या आजीसारखी.

"मामा, ही तर म्हातारी व्हायलीय!" मी खो-खो हसलो. मामी बाहुलीच्या फ्रॉकला टाके घालत होती. ती हसली नाही.

पुढच्या खेपेला मी परभणीहून न सुकणाऱ्या मातीचा डबा नेला. "घ्या मामा, हिला भेग जात नाही. पोरगी शेवटपर्यंत नऊची राहील."

मामांनी माती दाबून बघितली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"नऊचीच ऱ्हाती ना? मग नको."

तेव्हा कुठं माझी नजर वर गेली. मामीच्या हातातलं कापड आणि भिंतीवरच्या फोटोतला फ्रॉक, एकच. सुमी. मामांची एकुलती एक, माझ्याहून वर्षानं लहान. मामा ड्यूटीवरून आले की तिला हीच कादंबरी वाचून दाखवायचे. घरी परतायचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आणि ती तापानं गेली. माझे केस पिकले, चष्मा लागला, पोट सुटलं. सुमी फोटोत अजून नऊचीच.

"हिला होऊ दे म्हातारी," मामा म्हणाले. "घरी पोचेस्तोवर टिकली म्हंजे झालं."

बाहुली आता कमरेतून चिरत चालली होती. टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याचं घर होतं आणि त्याचं दार वीतभर लांब. मामांनी तिच्या पाठीला बोट लावलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "सरक बाई. पुढं सरक."

फोटो निघाला. टिंग-टिंग काही त्यांना जमलं नाही. ते मग राक्षसानं केलं, बसलेल्या घशानं.