मेबलचं बोरन्हाण

आधीच सांगते, मी यादीची बाई आहे. फ्रिजवर यादी, गाडीत यादी, याद्या कुठे ठेवल्यात त्याचीही यादी! म्हणूनच त्या शनिवारी सकाळी कॉव्हेंट्रीबाहेरच्या आमच्या छोट्याशा झूमध्ये ड्यूटीवर निघताना सासूबाईंना छातीठोकपणे म्हटलं, "आई, बोरन्हाणाचं सगळं सामान गाडीत आहे. बरोब्बर तीनला परस्पर हॉलवर पोचते. तुम्ही निश्चिंत राहा!"

बोरन्हाण माझ्या मुलाचं, समरचं. वय वर्षं एक. त्याच्यासाठी सासूबाईंनी हलव्याचे दागिने स्वतः ओवले होते आणि पुण्याहून मांडीवर घेऊन आणले होते. दागिन्यांना धक्का लागेल म्हणून बाई विमानात जेवल्यासुद्धा नाहीत!

इकडे झूमध्ये घोटाभर ताजा बर्फ. ऑटर पोटावर सूं करून घसरत होते, रेड पांडा एकमेकांना ढकलून पाडत होते, आणि टीव्हीवाले लाइव्ह दाखवत होते. फक्त माझी माकडं आत हीटरला चिकटून बसली होती. माकडं कुठली? जपानमधली, खास बर्फातली!

"देविका, तू तर म्हणाली होतीस बर्फात नाचतील!" आमची बॉस फियोना कुजबुजली. "दहा मिनिटांत कॅमेरा इथे येतोय."

ही माकडं बघायला कुणी थांबत नाही म्हणून त्यांना दुसऱ्या झूला द्यायचं घाटत होतं. तीन वर्षं मी त्यांना हाताने भरवतेय हो! ती गेली तर मी काय करणार होते?

"मेबल, ये ना गं राणी!" मी विनवलं. मेबल म्हणजे त्यांची म्होरकी. ती हलल्याशिवाय कुणी हलत नाही. रविवारी पहाटे कुणी दुलई ओढावी तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलं लुटायला कशाला धावतात? बोरन्हाणाला! चुरमुरे, बोरं, उसाचे करवे. या तिन्ही गोष्टी माकडांना चालतात, त्यांच्या खाण्याच्या यादीत आहेत. मी गाडीकडे धावले, पिशवी आणली, भिंतीवर चढले आणि अख्खी पिशवी उलटी केली!

काय सांगू! मेबलने एक बोर हुंगलं, आणि मग सगळी टोळी बाहेर! पांढऱ्या बर्फात पांढरे चुरमुरे, शोधता शोधता पिल्लं कोलांट्या मारायला लागली. एकाने बर्फाचा गोळा करून भावाच्या पाठीत हाणला. लोक ओरडले, कॅमेरा धावत आला, फियोनाने मला मिठी मारली!

तेवढ्यात मला पिशवीच्या तळाचा डबा आठवला. यादीत तो दुसऱ्या पानावर होता.

मेबल बर्फात मांडी ठोकून बसली होती. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याची बासरी. अख्ख्या मध्य इंग्लंडसमोर, लाइव्ह!

फोन वाजला. नवरा.

"स्वानंद, टीव्ही बंद कर!"

"उशीर झाला. आईच लावून बसलीये. घे, बोल."

"देविका," सासूबाईंचा आवाज थंडगार. "ती मुकुटवाली कोण?"

"मेबल, आई."

"वय काय तिचं?"

"बावीस. चार मुलं आहेत."

"अगं, लेकुरवाळीचं बोरन्हाण करतात होय? हळदीकुंकू करायचंस!" मग त्या एकदम खुलल्या. "पण मुकुट बघ कसा चपखल बसलाय! एवढी मान हलवतेय, तरी एक दाणा सुटला नाही! माझं ओवणं आहे!"

तर मंडळी, आम्ही जिंकलो! दुसऱ्या दिवशी माकडांसमोर गेटपर्यंत रांग लागली आणि मेबल कायमची आमच्याकडे राहिली. समरचं बोरन्हाणही झालं, पॉपकॉर्न आणि मार्शमेलोवर. मुलं तर तुटून पडली!

फक्त एक झालं. सासूबाईंनी मुकुटाच्या कौतुकापोटी टीव्हीवरचा फोटो पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बोरन्हाण, कॉव्हेंट्री.' दोन मिनिटांत अरुणाआत्यांचं उत्तर आलं, अर्थात चष्म्याशिवाय: 'गोड गं बाळ! नाकडोळे थेट देविकाचे!'

त्याला एकवीस जणांनी अंगठा दिलाय. पहिला स्वानंदचा.