राँग साईडची गोगलगाय

साखरपुड्यात आमच्या शेजारच्या रंगनाथआण्णांनी चष्मा काढायला खिशात हात घातला आणि चष्म्याआधी बाहेर आली एक गोगलगाय. ती थेट जिलेबीच्या ताटात पडली. नवरीची मामी किंचाळली. आण्णांनी शांतपणे ती उचलली, शंखाचं टोक वर धरलं, तोंड स्वतःकडे वळवलं आणि जाहीर केलं, "तोंड डावीकडं हाय. ही आपल्या डेपोची न्हाई."

आण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. श्रीरामपूरच्या स्टँडवर गाड्या लावण्यात उभा जन्म गेला. निवृत्त होऊन बेलापूरला आले, पण स्टँड काही डोक्यातून उतरला नाही. भाजीवालीचे टोमॅटो असोत, नवे ग्रामसेवक असोत की माझे जावई, आण्णा एकदा न्याहाळून सांगणार, आपल्या डेपोचं की बाहेरचं. जावई अजून बाहेरचेच आहेत.

गोगलगायींचं वेड लागलं ते गावाबाहेरच्या पाझर तलावावर. रोज फिरायला जाता जाता काठच्या दगडांवर त्यांना बारीक तपकिरी गोगलगायींचा थर दिसला. मोबाईलमध्ये डोकं घालून त्यांनी शोध लावला की, आपल्याकडच्या टोकदार शंखांचं तोंड बहुतेक उजवीकडं असतं, आणि ह्यांचं डावीकडं. "समद्या राँग साईडनं चालल्यात राव!" ते ओरडले. तेव्हापासून दर रविवारी माझी स्कूटर, मागे आण्णा, त्यांच्या एका हातात बादली, दुसऱ्यात चहाची गाळणी.

धरलेल्या गोगलगायी तलावात परत सोडता येत नव्हत्या आणि आण्णांना मारवत नव्हत्या. "त्या काय सोताहून गाडीत बसल्या व्हय?" ते म्हणायचे. म्हणून त्यांची रवानगी घरच्या धुण्याच्या हौदात. घरात आण्णा एकटेच, त्यामुळे बोलणारं कुणी नव्हतं. फक्त त्यांच्या शर्टांना तलावाचा वास यायला लागला.

पुढे प्रकरण ग्रामसभेत गेलं. नळाच्या पाण्याचा विषय चालू असताना आण्णा उभे राहिले. "ह्या गोगलगायी चालत आलेल्या न्हाईत. कुनीतरी आनून सोडल्यात. त्याला हुडका आन् चावडीसमोर उभा करा!"

"आण्णा, आधी पाण्याचं बोलू," सरपंच म्हणाले.

"मी काय दुधाचं बोलतोय?"

गुन्हेगार शोधायचा तर आधी पुरावा पक्का हवा, म्हणून आण्णा मला घेऊन श्रीरामपूरला कॉलेजात गेले. प्राणीशास्त्राच्या मॅडमनी बरणीतली एक गोगलगाय भिंगाखाली धरली. "बरोबर ओळखलंत, परदेशीच आहे. मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींना चिकटून येते. कुणीतरी घरातली माशांची टाकी तलावात रिकामी केली असणार."

मला वाटलं, आता आण्णा टाकीवाल्यांची नावं मागणार. ते उठून चालू लागले. बरणीसुद्धा टेबलावर विसरले.

परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. तलावापाशी थांबलो. आण्णा बांधावर बसले.

"वैशीची टाकी हुती," ते म्हणाले.

वैशाली म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन बंगळुरूला गेलेली.

"ती गेल्यावर घरात त्या टाकीचा पंप तेवढा बुडबुड करायचा. दुसरा आवाजच न्हाई. वाटायचं, पोरगी आतल्या खोलीत हाय. उठून बघायचो, तर कुनी न्हाई. एक दिवस न्हाई सोसलं. मासे, पान्यातलं गवत, समदं बादलीत घेतलं आन् हितं सोडलं. गोगलगायी मला दिसल्याच न्हाईत."

मला हसू आवरेना. "म्हणजे आण्णा, चावडीसमोर..."

"मीच उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "पन वैशीला कळू देऊ नका."

तेवढ्यात फोन वाजला. वैशालीच होती. आण्णांना कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे तिचा आवाज मलाही स्वच्छ आला.

"आण्णा, जेवलात का? मासे कसे हायेत माझे?"

आण्णांनी पाण्याकडे पाहिलं. "मजेत हायेत. टाकी ल्हान पडत हुती, मोठ्यात ठेवलेत आता."

"आन् तुमी?"

"मला काय झालंय?" आण्णा म्हणाले. "रोज येतो की त्यांच्याकडं. बसतो घटकाभर."