सासूबाईंची फायनल आणि माझा चौथा वेग

यंत्रांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये! पंधरा वर्षं लिफ्ट तपासतोय. दोराचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतो. तेव्हा एका कॉम्प्युटरचा वेग वाढवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी ठरवलं आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

कॉम्प्युटर सासूबाईंचा. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि वर्षभर खिडकीपाशी नुसत्या बसून राहिल्या. बोलणं नाही, चिडणं नाही. मग कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी गाड्यांच्या शर्यतीचा गेम धरला. आता त्यांच्या टेबलाला स्टिअरिंग जोडलंय, पायाशी पेडलं आहेत आणि दूरदूरच्या गावांतल्या तीन निवृत्त मैत्रिणींबरोबर त्यांची टीम आहे. सासूबाई पुन्हा चिडायला लागल्या, तेव्हा बायको आनंदाने रडली होती. मी पण खूश झालो. फक्त मला त्यांची फार भीती वाटते. आधीही वाटायची, आता स्टिअरिंग आल्यापासून जास्त वाटते.

तर झालं असं, की सेमीफायनलमध्ये त्यांचा गेम अडखळायला लागला. पुढची गाडी गायब व्हायची आणि एकदम नाकासमोर उगवायची! जेमतेम जिंकल्या. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत लोळत नेमका पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचाच व्हिडिओ बघत होतो, त्यामुळे रोगाचं कारण मला तिथल्या तिथे कळलं. जेवताना मी जाहीर केलं,

"आई, तुमचं कार्ड आणि कॉम्प्युटरचं मुख्य बोर्ड यांच्या मधल्या रस्त्याचा वेग तीनवर ठेवलाय! कार्ड तर चारचं आहे. चार केला की दुप्पट!"

"काय दुप्पट?"

"सगळंच! साधं गणित आहे, आई."

बायकोने टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रस्त्यावरून एकच गाडी जात असेल, तर रस्ता दुप्पट रुंद करून ती लवकर पोचेल का?"

मी पाणी प्यायलो.

"गेममध्ये फरक पडलाच तर शंभरात एक-दोनाचा. रविवारी चार वाजता फायनल आहे. तोपर्यंत त्या डब्याला कोणी बोट लावायचं नाही."

'कोणी' म्हणताना त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर स्वाभिमानी माणूस गप्प बसेल का? बसेल. बसायलाच हवं! पण रविवारी दुपारी अडीचला, डोकं शांत करायला म्हणून सासूबाई फिरायला गेल्या आणि माझं डोकं फिरलं. फायनलमध्ये गाडी भन्नाट पळेल, त्या थक्क होतील, मग मी हळूच सांगेन, असा माझा बेत होता.

कॉम्प्युटर सुरू केला. सेटिंगच्या निळ्या पडद्यावर 'तीन' सापडला. 'चार' केला. सेव्ह केलं.

पडदा काळा झाला.

वाटलं, सुरू होतोय. पंखे फिरत होते, कार्डावरचे दिवे लुकलुकत होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली. पडदा काळाच! बंद करून चालू केला, काळा. वायर हलवली, काळा. हात जोडले, तरी काळा. तीन वाजायला आले होते. मी ग्राफिक्स कार्डवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"कार्ड आडवं आहे की उभं?" त्याने विचारलं.

"उभं. काचेतून छान दिसतं."

"मग कार्ड आणि बोर्ड यांच्या मधे पट्टीसारखी रुंद वायर असेल. ती वायर तीनचीच आहे, साहेब. तिला चार झेपत नाही."

"एवढंच ना! मग परत तीन करतो."

"कसं करणार? स्क्रीन दिसतेय का?"

"नाही."

"मग झालं तर!"

असं 'मग झालं तर' डॉक्टरने म्हटलं तर पेशंट जागीच आटोपेल. माझी पाचावर धारण बसली. मी गयावया करायला लागलो. शेवटी तो म्हणाला, "बोर्डावर नाण्याएवढा सेल आहे. तो काढा, पाच मिनिटं थांबा, परत बसवा. बोर्ड सगळं विसरेल आणि मुळात होतं तसं तीनवर जाईल. सोपं आहे."

प्लग काढला. झाकण उघडलं. स्क्रू-ड्रायव्हरने सेल अलगद उचलला आणि तो मेला टुणकन उडाला! जमिनीवर पडला, कडेवर उभा राहिला, घरंगळत गेला आणि पुस्तकांच्या कपाटाखाली शिरला. ते कपाट चार माणसांना हलत नाही. मी पालथा पडून पट्टीने चाचपत होतो, तेवढ्यात बायको दारात.

"काय रे करतोयस?" मग तिला उघडा डबा दिसला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, हे काय केलंस! आईला काय सांगणार आहेस?"

"तू काहीतरी सांग ना."

"मी? मी तुला ओळखतच नाही!"

पण शेवटी बायको ती बायको. तिलाच आठवलं, की बाथरूममधल्या वजनकाट्यात असाच सेल आहे. मी धावलो, काढला, बसवला, झाकण लावलं, प्लग लावला. पडदा उजळला! आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली. चारला वीस कमी.

सासूबाई आल्या. थेट बाथरूममध्ये गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, हेडफोन लावला. मी मागेच उभा राहिलो.

गेम उघडला. पडद्यावर आलं: 'तारीख चुकीची आहे, जोडता येत नाही.'

बोर्ड सगळं विसरलं होतं, म्हणजे सगळंच! त्याच्या मते आज नऊ वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. खरं सांगतो, एक क्षण मला फार हायसं वाटलं.

चारला चार कमी. हेडफोनमधून बारीक आवाज येत होते. मैत्रिणी दुसऱ्या कॉलवर होत्या.

"कुठे आहेस गं? तू कधी उशीर करत नाहीस!"

"ही नसली तर आपण बाद!"

सासूबाईंनी स्टिअरिंगवरून हात काढले आणि त्या खिडकीकडे बघत बसल्या. सासरे गेल्याच्या त्या वर्षानंतर मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की भीतीसुद्धा मागे पडली. "आई, एक मिनिट," म्हणत मी वाकलो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तारीख आणि वेळ दुरुस्त केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

गेम जोडला गेला! अर्धं मिनिट बाकी होतं.

पुढची चाळीस मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. गेम एकदाही अडखळला नाही. शेवटच्या वळणावर सासूबाईंनी दोन गाड्या एका दमात मागे टाकल्या आणि पहिल्या आल्या! हेडफोनमधून किंकाळ्या, इकडे बायकोच्या टाळ्या, आणि सासूबाई चक्क हसल्या.

"आज काय सुरेख पळाला!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

"मी म्हटलं नव्हतं का, आई?" मी छाती फुगवून थाप मारली. "चार केला!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंनी दोन बटणं दाबली आणि एक ओळ बोटाने दाखवली. तिथे तीनच होता.

"फिरून आले की मी वजन करते, हे या घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "काटा बंद. उघडला तर सेल नाही. त्या आकाराचा सेल आणखी कुठे लागतो, तेवढं मला समजतं, जावईबापू."

"पण मग आज अडखळला कसा नाही?" मी चाचरत विचारलं.

"सेमीफायनलच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"पलीकडच्या खोलीत. व्हिडिओ बघत."

"आणि आज?"

"इथे. तुमच्या मागे."

"तेवढाच फरक," सासूबाई म्हणाल्या. "सगळं इंटरनेट तुम्ही ओढत होतात, मला काय उरणार?"

वजनकाटा अजून बंद आहे, कारण सेल अजून कपाटाखालीच आहे आणि नवा आणायला मला पाठवायची कोणाची हिंमत होत नाही. आणि हो, ही हकिकत मी कागदावर पेनाने लिहितोय, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. आतल्या खोलीत नव्या मोसमाची पहिली शर्यत चालू आहे, आणि ती संपेपर्यंत माझा फोन सासूबाईंच्या मांडीवर असतो.