चंद्रीच्या मागून सबनीसकाका

गणपती गेल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. ठिकाण : गव्हाणचा माळ. हजर : सबनीसकाका, हौसाबाई, तिची म्हैस चंद्री आणि मी.

चंद्री चरत होती. तिच्या तोंडाशी तोंड नेऊन सत्तरीचे सबनीसकाका वाकून चालत होते. चंद्री ज्या गवताला तोंड लावी, त्याच्याच शेजारचं, तेवढ्याच उंचीवरून काका खुडत आणि कागदी पिशवीत टाकत. ती थांबली की काका थांबत.

"काका, तिला जरा सुखानं खाऊ द्या!" हौसाबाई ओरडली. "माझ्या सासूनं पन माझ्या घासावर येवढी नजर ठेवली नाय."

"जनावर खातं तेच तपासायचं," काका म्हणाले. "आपण निवडलं तर ती आपली आवड झाली."

काका नवीन पनवेलला माझ्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. सगळी नोकरी चारा-संशोधनात गेली. हौसाबाईकडून मी दर रविवारी दूध आणते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा काका सोबत आले, तेव्हा ती माळावर युरिया टाकायला निघाली होती. काका गोणीसमोर आडवे उभे राहिले. "आधी गवताला विचारू!"

हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या माळ्यालाही तेच ऐकवतात. चहात साखर घालण्याआधी एक घोट घेऊन चहालाही विचारतात.

गवताला विचारायची रीत सोपी. काडी उभी चिरायची, आत औषधाचा थेंब सोडायचा. काडी निळी झाली तर गवताला नत्र पुरेसं आहे. रंग आला नाही तर ते उपाशी, मग युरिया.

तेव्हापासून आम्ही विचारतोच आहोत. आजही काडी निळीशार झाली.

"काका, मागच्या रविवारीही निळीच होती. सांगून टाका की तिला."

"घाई नको. त्या कोपऱ्यातला नमुना राहिलाय."

काका तरातरा तिकडे निघाले. चंद्री त्या कोपऱ्यात फिरकलीही नव्हती.

अर्धवट काम मला बघवत नाही. मी सरळ माळाच्या कडेला हौसाबाईच्या घरी, चुलीपाशी गेले. ती एव्हाना भाकरी थापायला बसली होती. तीन ताटं मांडलेली. काकांच्या ताटात बोंबील जरा जास्त.

"हौसाबाई, युरियाची गरज नाही हं."

"म्हायती हाय, ताई. निला रंग मला पन दिसतो. ती गोन मी कवाच भातशेतीत टाकली."

"मग दर रविवारी विचारता कशाला?"

तिनं भाकरी उलटली. "निकाल लागला तं काका येतील का? घरी एकटा मानूस काय शिजवून खातो, तुमाला ठावं. तुमी बोलू नका."

तेवढ्यात काका पिशवी हलवत आले. हौसाबाईनं गंभीर चेहरा केला.

"काय काका, टाकू का युरिया?"

"थांबा! अजून एक नमुना."

"बरं. पुडच्या रविवारी बघू. हात धुवा."

परत आल्यावर मी कामांची यादी काढली. दूध, भाजी, गॅसचा नंबर, सगळ्यांवर खूण झाली. 'गव्हाण : निकाल सांगणे' तेवढं बाकी ठेवलं.